अक्षरांचा किल्ला

चित्रणाचा दर्जा उणा असला की हौशी मंडळींनी घडवलेला संगणकखेळ नीरस ठरतो, ही समजूत आम्हांला तपासून पाहावीशी वाटते. टार्न आणि झॅक ॲडम्स या अमेरिकी बंधूंनी ऑगस्ट २००६ मध्ये ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ विनामूल्य खुला केला, तेव्हा पडद्यावर चित्रे नव्हतीच. होती ती अक्षरे आणि चिन्हे. ‘डी’ हे अक्षर म्हणजे ड्रॅगन, हसरा चेहरा म्हणजे किल्ला खोदणारा बुटका. चित्रे काढण्याचे श्रम वाचले ते डोंगर, राज्ये, त्यांचे शतकानुशतकांचे इतिहास आणि पात्रांचे स्वभाव रचण्यात खर्ची पडले. कादंबरीच्या वाचकाला यात नवल वाटू नये! २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने हा खेळ आपल्या संग्रहात घेतला. तरीही ही लिपी शिकण्याआधीच परतणारे पुष्कळ होते.

पुढे झॅक यांच्या आजारपणामुळे उपचारखर्चाची चिंता उभी राहिली. डिसेंबर २०२२ मध्ये सचित्र आवृत्ती विक्रीस आली आणि महिन्याभरात तिच्या सुमारे ५ लाख प्रती खपल्या. हे श्रेय एकट्या चित्रांना देणे आम्हांला घाईचे वाटते. माऊसची सोय आणि नवख्यांसाठी शिकवणीही त्याच आवृत्तीत आली होती. गाभा जुनाच होता. अक्षरांची आवृत्ती बंधूंनी विनामूल्यच ठेवली आहे.