शैक्षणिक लेखापरीक्षणाचे एक वर्ष : तपासणीच्या परंपरेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

महाविद्यालयातील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे वर्ष जूनमध्ये शैक्षणिक दिनदर्शिकेने सुरू होते. त्यानंतर तिमाही बैठका, त्यांची इतिवृत्ते, कार्यपूर्तीचा अहवाल, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, कार्यशाळा, विभागवार शैक्षणिक लेखापरीक्षण असा क्रम चालतो आणि शेवटी नॅककडे वार्षिक गुणवत्ता हमी अहवाल, म्हणजेच एक्यूएआर, रवाना होतो. आपणां सर्वांना हे वर्षचक्र इतके परिचयाचे झाले आहे की, त्यालाही काही इतिहास असेल हे सहसा ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील काही निवडक टप्प्यांचा विचार केला आहे. तपासणी किती कठोर होती, यापेक्षा तिचा अहवाल कोणाच्या कानी पडत होता, हा प्रश्न येथे महत्त्वाचा मानला आहे.

'ऑडिट' हा शब्द 'ऐकणे' या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमाखर्च मोठ्याने वाचून दाखविला जाई आणि तपासनीस तो ऐकून घेई. आपल्याकडे 'लेखापरीक्षण' हा प्रतिशब्द रूढ झाला आणि त्यात ऐकण्याऐवजी लेखाला, म्हणजे कागदाला, प्राधान्य मिळाले. हा भेद केवळ भाषिक नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

मुंबई इलाख्यातील तपासणी :

१८५४ च्या वुडच्या खलित्याने प्रत्येक प्रांतात स्वतंत्र शिक्षण खाते, तपासणी यंत्रणा आणि अनुदान पद्धती या तीन गोष्टी एकदमच आणल्या. सरकारी पैसा खाजगी शाळांना द्यावयाचा तर त्याचा विनियोग पाहणारा अधिकारी हवा, हे तर्काला धरूनच होते. याच दशकात पुण्यात जोतीराव फुले व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालविलेल्या मुलींच्या शाळांच्या परीक्षा जाहीररीत्या, लोकसमुदायासमोर होत असत, ही बाब मात्र तपासणीच्या इतिहासात क्वचितच नोंदविली जाते. मुली वाचून दाखवीत, उत्तरे देत, आणि शहरातले समर्थक व विरोधक दोघेही ते ऐकत. 'ऑडिट' या शब्दाच्या मूळ अर्थाशी इतकी जवळीक असलेले दुसरे उदाहरण आपल्या शैक्षणिक इतिहासात शोधावे लागेल.

शासकीय व्यवस्था मात्र निराळ्या दिशेने गेली. इंग्लंडमध्ये १८६२ साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने 'निकालानुसार अनुदान' हे तत्त्व स्वीकारले. तपासनिसापुढे वाचन, लेखन व गणित या विषयांत जितके विद्यार्थी उत्तीर्ण होतील, त्या प्रमाणात शाळेला पैसा मिळावा, अशी ती योजना होती. त्याच दशकात मुंबई इलाख्याच्या अनुदान नियमांतही हे तत्त्व आले. हिशेबाच्या दृष्टीने योजना अत्यंत स्वच्छ होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की, तपासनिसाच्या भेटीचा दिवस हाच शाळेच्या वर्षाचा केंद्रबिंदू ठरला. इंग्लंडमध्ये मुले क्रमिक पुस्तक तोंडपाठ करून तपासनिसासमोर 'वाचत' असल्याच्या तक्रारी झाल्या. या पद्धतीवर मार्मिक टीका करणारे मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळातपासनीस होते, हे विशेष. ज्यांच्या हाती मोजपट्टी दिली होती, त्यांच्यापैकीच एकाला ती अपुरी वाटली.

१८८२ च्या हंटर आयोगासमोर जोतीराव फुले यांनी जे निवेदन सादर केले, त्याची चर्चा आपल्याकडे बहुधा प्राथमिक शिक्षणाचा आग्रह आणि उच्च शिक्षणावरील खर्चाची टीका या दोन मुद्द्यांभोवती होते. त्यातील तपासणीविषयीचा भाग तुलनेने दुर्लक्षित राहिला आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा शाळेला भेट देण्याने फारसा लाभ होत नाही. निदान दर तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी. शिवाय एरवीही पूर्वसूचना न देता भेटी द्याव्यात, असे त्यांनी सुचविले होते. गावच्या किंवा जिल्ह्याच्या महसुली अंमलदारांवर विसंबून राहता येणार नाही, कारण त्यांना इतर कामांतून सवड मिळत नाही आणि मिळाली तरी त्यांची पाहणी वरवरची असते, हेही त्यांनी नमूद केले होते.

फुले यांचा तपासणीला विरोध नव्हता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. त्यांना अधिक तपासणी हवी होती. पण ती ज्या रयतेच्या करातून शाळा चालत, तिच्या मुलांना प्रत्यक्षात काय मिळते हे पाहण्यासाठी हवी होती. वार्षिक व पूर्वघोषित भेटीत शाळा कशी चालते हे दिसत नाही. भेटीची तयारी कशी झाली एवढेच दिसते. हा मुद्दा त्यांनी १४० वर्षांपूर्वी मांडला होता.

हंटर आयोगाने 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत महाविद्यालयांना लागू करू नये, अशी शिफारस केली. पुढे लॉर्ड कर्झनच्या काळात, १९०४ च्या शैक्षणिक धोरणविषयक ठरावानंतर, ती शाळांतूनही मागे पडली. परंतु त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने संलग्न महाविद्यालयांच्या तपासणीचा अधिकार विद्यापीठांना दिला आणि विद्यापीठांवरील सरकारी नियंत्रण वाढविले. नुकतेच फर्ग्युसन महाविद्यालयातून निवृत्त झालेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी केंद्रीय कायदेमंडळात या विधेयकाला विरोध केला, तो मुख्यतः या नियंत्रणामुळे. आज विद्यापीठाच्या संलग्नीकरण समित्या महाविद्यालयांत येतात, त्यांचे मूळ या कायद्यात आहे.

शैक्षणिक लेखापरीक्षण : संकल्पनेचा जन्म

'शैक्षणिक लेखापरीक्षण' हा शब्दप्रयोग त्यामानाने अलीकडचा आहे. थॅचर यांच्या राजवटीत विद्यापीठांच्या खर्चावर प्रश्नचिन्हे उभी राहिल्यावर ब्रिटनमधील कुलगुरूंच्या समितीने १९९० साली बर्मिंगहॅम येथे 'अ‍ॅकॅडेमिक ऑडिट युनिट' स्थापन केले. सरकारने तपासनीस पाठविण्यापूर्वी आपणच आपली तपासणी करावी, हा त्यामागील धोरणी विचार होता. या युनिटचे तपासनीस विद्यापीठांतील अध्यापकच असत. ते अध्यापनाचा दर्जा ठरवीत नसत. विद्यापीठ स्वतःच्या दर्जाची काळजी घेण्यासाठी कोणती यंत्रणा वापरते आणि ती चालते की नाही, एवढेच ते पाहत. ही मर्यादा जाणीवपूर्वक स्वीकारलेली होती. १९९२ मध्ये हे युनिट उच्च शिक्षण गुणवत्ता परिषदेत विलीन झाले आणि १९९७ मध्ये त्या परिषदेची जागा गुणवत्ता हमी संस्थेने घेतली. त्याच वर्षी मायकेल पॉवर यांचा 'द ऑडिट सोसायटी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखापरीक्षण मूळ कामाची पडताळणी करण्याऐवजी पडताळणीच्या विधींचीच पडताळणी करू लागते, हे त्यांचे निरीक्षण आपल्या अनुभवाशी फार जुळते.

नॅक आणि वार्षिक अहवाल :

१९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि १९९२ चा कृती कार्यक्रम यांतून १९९४ साली बंगळुरू येथे नॅकची स्थापना झाली. मूल्यांकन प्रारंभी ऐच्छिक होते. महाविद्यालयाने स्वयंमूल्यांकन अहवाल लिहावा आणि पीअर टीमने तो प्रत्यक्ष भेटीत पडताळावा, अशी रचना होती. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या वार्षिक अहवालाचे सुरुवातीचे स्वरूपही साधे होते : वर्षारंभी काय योजिले, वर्षाअखेर काय साधले, सात निकषांनुसार काय घडले आणि पुढील वर्षी काय करावयाचे. ज्या महाविद्यालयांनी पहिल्या आवर्तनात हे अहवाल मनापासून लिहिले, त्यांतून काही खरे बदल झाले. विद्यार्थ्यांचे अभिप्राय लेखी घेणे, ग्रंथालयाच्या वापराची नोंद ठेवणे, माजी विद्यार्थ्यांची संघटना उभारणे या गोष्टी ग्रामीण भागातील अनेक महाविद्यालयांत नॅकमुळेच आल्या. हे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. मूल्यांकित महाविद्यालयांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर राहिला, हेही खरे.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ च्या विनियमांद्वारे मूल्यांकन अनिवार्य केले आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या रुसा योजनेत निधीचा संबंध नॅकच्या श्रेणीशी जोडला गेला. 'निकालानुसार अनुदान' नव्या वेशात परतले ते असे. हंटर आयोगाने महाविद्यालयांना जे लागू करू नये असे म्हटले होते, ते सव्वाशेहून अधिक वर्षांनी महाविद्यालयांनाच लागू झाले. दरम्यान २०१० च्या विनियमांतील एपीआय गुणांकनाने व्यक्तिगत अध्यापकालाही याच हिशेबात आणले होते. २०१७ च्या सुधारित आराखड्यात सुमारे ७० टक्के भार संख्यात्मक माहितीवर आला. वार्षिक अहवालही क्रमाने त्याच साच्यात गेला. परिणामी 'आपण काय साधले?' हा प्रश्न मागे पडून 'याचा पुरावा कोठे आहे?' हा प्रश्न पुढे आला. कार्यशाळा झाली की छायाचित्र, उपस्थितीपत्रक, बातमीचे कात्रण. तासिका तत्त्वावरील अध्यापकही, ज्यांना अध्यापनाचेच मानधन मिळते, फायलींच्या कामात ओढले जातात. याची नोंद मात्र कोणत्याही निकषात होत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील एका संस्थेला अनुकूल श्रेणी देण्यासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने पीअर टीमच्या सदस्यांना अटक केली, तेव्हा सर्वत्र खळबळ उडाली. आरोपांचा निर्णय न्यायालय करील. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला येथे व्यक्तींपेक्षा रचना अधिक विचारणीय वाटते. जेथे एका भेटीवर पाच वर्षांची प्रतिष्ठा व निधी अवलंबून असतो, तेथे भेटीचे मोल अवाजवी वाढणारच. जानेवारी २०२४ मध्ये श्रेणीऐवजी 'मानांकित' व 'अमानांकित' अशा द्विस्तरीय पद्धतीची घोषणा झाली, तिच्यामागे या दोषाची काही जाणीव निश्चितच आहे.

तथापि वार्षिक अहवालाचा वाचक कोण, हा प्रश्न या बदलानेही सुटत नाही. आजचा अहवाल संकेतस्थळावर चढविला जातो, म्हणजे तत्त्वतः तो सर्वांसाठी खुला आहे. पण विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींसमोर, पालकांसमोर किंवा गावकऱ्यांसमोर तो वाचून दाखविला गेल्याचे सहसा आढळत नाही. प्रथम वर्षात प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण तृतीय वर्षापर्यंत पोहोचले, जे पोहोचले नाहीत ते कोठे गेले, मुलींचे प्रमाण कोणत्या सत्रात घटले, ही माहिती कार्यालयातील प्रवेश व परीक्षा नोंदवह्यांत असते. कक्षाच्या चार तिमाही बैठकांपैकी एक बैठक केवळ या नोंदवह्या घेऊन बसण्यासाठी राखून ठेवण्यास कोणत्याही नियमाची आडकाठी नाही, आणि त्या बैठकीला विद्यार्थी व पालक यांना बोलाविण्यासही नाही.