पावणेसात रत्तल मोड

आमच्या घरात तांब्या-पितळेचं भांडं टाकून दिलेलं मी कधी पाहिलं नाही. घागरीचं बूड गेलं, बधन्याची तोटी निखळली, परातीला चीर पडली, की ती वस्तू माळ्यावरच्या पोत्यात जायची. ईद महिन्यावर आली की अम्मा ते पोतं घेऊन तांबट आळीत जायची. मी बरोबर असायचो. दुकानदार एकेक तुकडा काट्यावर टाकायचा. बधना कुणी दिला होता, किती वर्षं वापरला होता, याच्याशी त्याला घेणंदेणं नसे. तो एवढंच म्हणायचा, ‘मोड चार किलो.’ मग त्यातून घट कापायचा, नव्या भांड्याच्या वजनातून उरलेली मोड वजा करायचा आणि वर घडणावळ लावायचा. अम्मा शेवटपर्यंत काट्यावरची नजर काढत नसे.

ही जी मोड आहे ना, तिनं पुरातत्त्वाच्या अभ्यासकांची मोठी पंचाईत करून ठेवली आहे.

मातीचं भांडं फुटलं की संपलं. भाजलेल्या मातीचा पुन्हा चिखल होत नाही. खापरं उकिरड्यावर पडतात आणि हजार वर्षांनी जशीच्या तशी हाती लागतात. म्हणूनच उत्खननात खापरांचे ढीग निघतात आणि त्यांच्यावरून काळ ठरवला जातो. धातूचं तसं नाही. तो वितळतो आणि पुन्हा घडतो. ज्या शहरात हजारो माणसं धातूच्या ताटवाट्यांतून जेवली, तिथे खणल्यावर एखादी कडी, एखादा पाय, काठाचा एखादा वाकडा तुकडा मिळतो. धातूचं भांडं जमिनीत राहतं ते अपघातानं. ते विहिरीत पडलेलं असतं, भूकंपात घराखाली गाडलेलं असतं, नाही तर कुणी संकटकाळी पुरून ठेवलेलं असतं आणि पुरणारा परत आलेला नसतो.

संग्रहालयात आपल्याला अखंड वस्तू दिसतात. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘ब्लाकास झारी’ नावाने ओळखली जाणारी पितळेची झारी आहे. शुजा इब्न मना नावाच्या कारागिराने ती १२३२ साली मोसुलमध्ये घडवली. तिच्यावरचं चांदीचं जडावकाम पाहताना डोळे दिपतात. पण या वस्तू अमीर-उमरावांच्या. त्या जपल्या गेल्या, कारण त्यांना जपणारं कुणी होतं. साध्या घरातल्या जेवणाची गोष्ट ऐकायची तर तुकड्यांकडेच जावं लागतं.

निशापूरचं उदाहरण घ्या. उमर खय्यामचं गाव म्हणून आपल्याला ते माहीत आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने तिथे १९३५ ते १९४० या काळात आणि पुन्हा १९४७ मध्ये उत्खनन केलं. तिथल्या धातूच्या वस्तूंवर जेम्स अ‍ॅलन या अभ्यासकाचं पुस्तक १९८२ मध्ये आलं. त्यात कड्या, मुठी, तोट्या, पाय, झाकणांच्या गाठी अशाच गोष्टी बऱ्याच आहेत. वरवर पाहिलं तर भंगारवाल्याची यादी वाटावी.

पण जाणकाराच्या हातात तुकडा बोलतो. काठाचा चार बोटं लांबीचा तुकडा असला तरी त्याच्या वळणावरून पूर्ण ताटलीचा व्यास काढता येतो. आतल्या बाजूला बारीक वर्तुळाकार रेघा असतील तर भांडं ओतून नंतर चरकावर फिरवलेलं आहे. हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा असतील तर पत्रा ठोकून घडवलेलं आहे. मुठीच्या टोकाला डाख दिसतो. एखाद्या जागी ठिगळ रिबेटून लावलेलं असतं, म्हणजे भांडं मोडीत देण्याआधी घरच्या बाईनं ते आणखी काही वर्षं चालवलं. कुठे नक्षीच्या खाचा रिकाम्या असतात. त्यातली चांदीची तार कुणीतरी टोकरून काढलेली असते. घरावर कोणती वेळ आली होती, ते त्या रिकाम्या खाचेवरून कळतं.

काशाचे तुकडे सगळ्यांत निराळे. तांब्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त कथील घातलं की पांढरट, खणखणीत कासं होतं. ते लाल तापवून ठोकतात आणि पाण्यात बुडवून विझवतात. फारसीत त्याला सफेदरूय म्हणत. अल्-बिरुनीने आपल्या खनिजांवरच्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. आपल्या आज्यांना या धातूचा स्वभाव पक्का माहीत होता. पितळेची वाटी पडली तर तिला पोचा येतो, काशाची वाटी पडली तर ती तडकते. म्हणून काशाची भांडी उत्खननात काचेसारखी फुटलेली मिळतात. उलट पितळ की ब्राँझ हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही, तेव्हा हल्लीचे अभ्यासक प्रयोगशाळेतून उत्तर येईपर्यंत सावधपणे ‘तांब्याचा मिश्रधातू’ एवढंच लिहितात. आमच्या तांबटाला ते नखानं वाजवून कळायचं, ती गोष्ट वेगळी.

आता ज्या शोधासाठी हे सगळं सांगतो आहे, त्याकडे येऊ. गॅलिलीच्या सरोवराकाठी तिबेरियास नावाचं जुनं शहर आहे. अरबीत त्याला तबरिया म्हणतात. ख्रिस्ताच्या काळात हेरोद अँटिपासने ते वसवलं, सातव्या शतकात ते अरबांकडे आलं आणि अकराव्या शतकात इजिप्तच्या फातिमी खलिफांच्या राज्यात होतं. १९९८ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठाचे यिझार हिर्शफेल्ड आणि ओरेन गुटफेल्ड तिथे खणत असताना मातीचे तीन मोठे रांजण सापडले. रांजण धातूच्या वस्तूंनी ठासून भरलेले होते. मोजदाद जवळजवळ एक हजारावर गेली. ताटल्या, वाडगे, झाऱ्या, दिवे, दिवठाणी होतीच. पण त्यांच्याबरोबर तुटके पाय होते, कापलेले पत्रे होते, ओतकामात उरलेले गोळे होते, अर्धवट घडलेल्या वस्तू होत्या. म्हणजे हा श्रीमंताचा खजिना नव्हे. हा एका धातुकामगाराच्या दुकानातला माल आणि मोड होती. एलियास खामिस यांचा या साठ्यावरचा सविस्तर ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला.

अकरावं शतक तबरियाला जड गेलं. १०३३ मध्ये मोठा भूकंप झाला. उत्तरार्धात सेल्जुक तुर्कांच्या स्वाऱ्या आल्या, आणि १०९९ मध्ये धर्मयुद्धवाले युरोपीय. या धामधुमीत कधीतरी त्या कारागिराने दुकान आवरलं, आणि पुन्हा ते रांजण उघडायला कुणी आलं नाही.

रांजणांत बायझंटाइन साम्राज्याची तांब्याची नाणीही होती. त्यांवर येशू ख्रिस्ताची प्रतिमा आहे. मुसलमानी राज्यातल्या दुकानात ही नाणी चलन म्हणून नव्हे, तर धातू म्हणून आलेली असावीत. मुशीत जाण्याच्या रांगेत ती वाडग्यांच्या पायांशेजारी पडून होती. त्या काळच्या भांड्यांवर कूफी लिपीत एक शब्द वारंवार कोरलेला आढळतो, ‘बरका’. तोच आपला मराठीतला बरकत. ‘मालकाला बरकत लाभो’ असा मजकूर असतो आणि मालकाचं नाव पुष्कळदा नसतंच. आपण भांड्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घालून घेतो, लग्नाची तारीख घालतो. त्या कारागिरांनी जागा मोकळी ठेवली. ज्याच्या घरी भांडं जाईल, त्याला बरकत.

मोड मुशीत गेल्यावर तिचं काय होतं, हे रांजण सांगत नाहीत. ते सांगतात काही कागद. ते तबरियाचे नाहीत आणि शंभरेक वर्षांनी अलीकडचे आहेत, पण धंदा तोच आहे. जुन्या कैरोत बेन एझ्रा नावाचं यहुदी प्रार्थनामंदिर आहे. देवाचं नाव ज्यावर असू शकेल असा कागद नष्ट करायचा नाही, अशी त्या लोकांची रीत. आमच्याकडेही कुराणाची जीर्ण पानं रद्दीत घालत नाहीत, वाहत्या पाण्यात किंवा विहिरीत ‘ठंडी’ करतात. कैरोच्या यहुद्यांनी मात्र सगळे कागद एका कोठडीत टाकले. धर्मग्रंथांच्या पानांबरोबर हिशेब, करारनामे, खासगी पत्रं, सगळंच. ती कोठडी म्हणजे गेनिझा. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. पुढे गॉइटाइन या विद्वानाने त्यातली भारताशी व्यापार करणाऱ्यांची पत्रं वाचण्यात उभा जन्म घालवला. अमिताव घोष यांनी १९९२ च्या ‘इन अ‍ॅन अँटिक लँड’ या पुस्तकात ज्या व्यापाऱ्याचा माग काढला, तो अब्राहम बेन यिजू याच पत्रांतला.

बेन यिजू मूळचा ट्युनिशियातला महदियाचा. ११३२ ते ११४९ या काळात तो आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर, मंगळूर आणि मलबारच्या बाजूला राहत होता. मिरी, वेलदोडे, लोखंड यांचा व्यापार करायचा, आणि शिवाय त्याचा भांडी घडवण्याचा कारखाना होता. त्याचे एडनमधले स्नेही त्याला जहाजातून तांबं पाठवायचे आणि त्याबरोबर घरातली फुटकी भांडीसुद्धा. या किनाऱ्यावर तांबं मुबलक नव्हतं, पण ते घडवणारे हात होते.

यूसुफ बेन अब्राहम नावाच्या एडनच्या व्यापाऱ्याचं एक पत्र आहे. ते वाचताना मला अम्माचं पोतं आठवलं. त्याने एक मोडकी झारी आणि हात धुवायचं खोलगट तस्त पाठवलं आहे. वजन सातला पाव कमी, म्हणजे आपलं पावणेसात रत्तल. रत्तल हा शब्दही अरबीच, तो आपल्या बाजारात पौंडासाठी रुळला होता. याच धातूची त्याच मापाची झारी करा, वजन बरोबर पाच रत्तल भरू द्या, कारण हा धातू चांगला आहे, असं त्याचं म्हणणं. उरलेल्यात बरोबर पाठवलेलं पितळ आणि शिसं घालून जेवणासाठी मोठी भांडी करायची. शिवाय एक देखणा दिवा हवा. त्याचा खांब अष्टकोनी आणि जाडसर, पाय मजबूत, वर दोन वातींचा दिवा, तोही खांबावर वरखाली सरकणारा. पाय पीळदार जमले तर फारच छान!

पत्राची भाषा अरबी, लिपी हिब्रू. घडवणारे हात इथल्या हिंदी कारागिरांचे. बेन यिजूच्या हिशेबांत त्यांचा उल्लेख येतो. भांडं वापरणारं घर यहुद्याचं, बंदर मुसलमानी राज्यातलं. ती झारी आज कुठे सापडली असती तर तिच्या पाटीवर काय लिहिलं असतं? बहुधा ‘इस्लामी धातुकाम, बारावं शतक’. चूक नाही. पण मला गंमत वाटते, कारण ‘मुसलमान असून मराठीत कसं लिहिता?’ हा प्रश्न मला कविसंमेलनांत पस्तीस वर्षं विचारला जातो आहे. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. त्याला फक्त पाटी हवी असते.

शास्त्राकडे एक उपाय आहे म्हणतात. धातूत शिशाचे जे समस्थानिक असतात, त्यांच्या प्रमाणावरून धातू कोणत्या खाणीतला हे शोधता येतं. पण ते ताज्या धातूला. एका मुशीत तबरियाची ताटली, कॉन्स्टँटिनोपलचं नाणं आणि आणखी कुठलीशी कडी वितळली की ही खूण पुसट होते. सगळ्या खाणींची सरासरी निघते, आणि ती सरासरी कोणत्याच खाणीची नसते. पुन्हा पुन्हा मोडीत गेलेल्या धातूची वंशावळ मांडता येत नाही, असं ही परीक्षा करणारेच सांगतात.

तांबट आळीतल्या त्या दुकानात मागच्या भिंतीला लागून मोडीचा ढीग असायचा. ताम्हनं, तपेली, वाकडे चमचे, देवघरातल्या घंटा, दांड्या तुटलेल्या समया. दुकानदार आमचा बधना काट्यावरून उचलून त्या ढिगावर टाकायचा. खण्‌ असा आवाज व्हायचा. मग तो चिठ्ठीवर वजन लिहायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)