मूळ रूप, पण कोणते?

जुन्या गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक समज घट्ट बसला आहे: गाडी पूर्ण उघडा, पत्रा खरवडून डेंटिंग-पेंटिंग करा, क्रोम नवे चढवा, सीटना नवे कातडे घाला, की ती ‘मूळ रूपात’ आली. रंग विटलेली गाडी मात्र मालकाची हयगय ठरते. या समजामागे प्रेम आहे, अपार कष्टही आहेत. तरी तो चुकीचा आहे.

मूळ रूप म्हणजे नेमके कोणत्या दिवसाचे? १९३४ ची एक बुगाटी टाइप ५९ घ्या. ती ग्रां प्री शर्यतींसाठी बांधली गेली, पुढे कारखान्यातच तिची स्पोर्ट्स गाडी झाली, मग ती बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे गेली आणि तिच्या काळ्या अंगावर पिवळा पट्टा आला. शर्यतीतली निळी गाडी परत आणायची, तर राजाची गाडी खरवडून टाकावी लागते. एक काळ जिवंत करण्यासाठी दुसरा पुसायचा, हा अधिकार रंगाऱ्याला कोणी दिला? सुदैवाने तो कोणी वापरला नाही. १९५० पासून चालत आलेल्या कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच स्पर्धेत २०२४ साली हीच गाडी सर्वोत्तम ठरली. जतन-विभागातल्या गाडीला तो मान पहिल्यांदाच मिळाला.

इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी बखरींपेक्षा अस्सल पत्रांवर भर दिला. शाई फिकट झाली म्हणून अशा पत्रावर कोणी नवी शाई गिरवत नाही. जुन्या पत्र्यावरही मजकूर असतोच: हातोडीच्या खुणा, तपासनिसाची खडूची रेघ, आतल्या कोपऱ्यात पातळ फवारलेला सेल्युलोज रंग. आजचा काचेसारखा चकाकणारा दोन घटकांचा रंग त्या कारखान्यांना माहीतही नव्हता.

विरोधकांचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: गाडी हे यंत्र आहे, ते चालले पाहिजे, आणि गंज कोणासाठी थांबत नाही. मान्य. ब्रेकचे होज, टायर, धोकादायक वायरिंग बदलावेच, काढलेले भाग चिठ्ठी लावून ठेवावेत. गंज रोखायला कोरडी जागा, तेल आणि मेण लागते. गंजलेला तुकडा सांधण्यासाठी अख्खी गाडी सोलावी लागत नाही. जतन, दुरुस्ती आणि पुनर्बांधणी यांतला भेद ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तुरीन सनदेने स्पष्ट केलाच आहे. केवळ सांगाडा उरला असेल, तर पुनर्बांधणी रास्तच. फक्त ती तशी जाहीर करावी.

न रंगवलेल्या गाडीला किंमत येत नाही, हा मुद्दाही टिकत नाही. २०१५ मध्ये पॅरिसला धुळीसकट विकलेल्या फेरारी कॅलिफोर्निया स्पायडरला सुमारे १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. त्यात अ‍ॅलाँ दलाँ या फ्रेंच अभिनेत्याच्या नावाचा वाटा होता, हे खरे. पण धूळ आड आली नाही.

आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय नियमांनी व्हिंटेज नोंदणीसाठी पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी मागितली. त्यांचा रोख चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांवर आहे. रंग आणि कातडे मालकाच्या विवेकावर राहतात. मुंबई-पुण्याच्या संग्राहकांनी निदान पॉलिश पेपर लावण्याआधी प्रत्येक थराचे फोटो काढावेत, आणि एखादा दरवाजा तरी न घासता ठेवावा.