पारोचं स्वातंत्र्य

संभाजीनगरहून लेण्यांकडे निघालेली गाडी सिल्लोड मागे टाकते, अजिंठा गावातून जाते आणि घाट उतरते. गावात फारसं कुणी थांबत नाही. पारोची कबर याच गावात आहे. दगडावर इंग्रजीत तिचं नाव आणि मृत्यूची तारीख, २३ मे १८५६. ती कुणाची लेक, कुठल्या घरची, याचा पत्ता नाही. दगड बसवला रॉबर्ट गिलने.

गिल मद्रास फौजेतला अधिकारी. लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्याची नेमणूक केली. गावातल्या बारादरीत मुक्काम ठेवून त्याने वर्षानुवर्षं कॅनव्हास रंगवले. लंडनला पाठवलेली त्यातली बहुतेक चित्रं १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. तरी तो पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये वारला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याचा हुद्दा, नेमणूक, लग्नाची बायको, मुलं, सगळं कागदोपत्री सापडतं. पारोच्या वाट्याला तेवढा दगड.

बाकीची पारो आपण रचली. ना. धों. महानोरांनी ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, त्यावरून नितीन देसाईंनी २०१२ मध्ये चित्रपट काढला. ही पारो रानात मोकळी हिंडते, गावाचा धाक मानत नाही, गोऱ्या साहेबावर जीव लावते. मी सिल्लोडला शाळेत इतिहास शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलींना ती फार आवडते. “मॅडम, त्या काळात एवढी बिनधास्त!” मलाही आवडते. पण मी मुलींना विचारते, साहेबाला गोष्टीतून बाजूला काढा, मग पारो सकाळी उठून काय करेल? तिचं स्वतःचं काम कोणतं, भांडण कुणाशी, उद्याचा बेत काय? मुलींना सांगता येत नाही, कारण गोष्टीने तिला यातलं काहीच दिलेलं नाही. त्याला वाट दाखवणं, त्याचं मन जाणणं, त्याच्यासाठी सोसणं, एवढंच तिचं काम. तो कंटाळला असता तर बदली मागून निघून गेला असता. तिला मात्र माघारी जायला घर उरलं नसतं. गाव सोडायची हिंमत तिच्यात आहे, पण त्याला सोडायची मुभा लेखकांनी तिला ठेवली नाही. म्हणून तिला मी धीट म्हणते, स्वतंत्र म्हणत नाही.

अजिंठ्याच्याच डोंगररांगेत पुढे बुलढाणा लागतं. तिथल्या ताराबाई शिंद्यांनी पारोच्या मृत्यूनंतर २६ वर्षांनी, १८८२ मध्ये, ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं आणि पुण्यात छापून घेतलं. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला झालेल्या शिक्षेवरून वर्तमानपत्रं सगळ्या बायकांनाच दूषणं देऊ लागली, तेव्हा ताराबाई संतापून उठल्या. पुरुषांनी कथा-कादंबऱ्यांत रंगवलेल्या नायिकांचीही त्यांनी झाडाझडती घेतली. आपलं म्हणणं त्यांनी स्वतःच मांडलं, त्यासाठी गिलसारख्या कुणाची त्यांना गरज पडली नाही. हे पुस्तक पुढे विस्मरणात गेलं. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध केलं. पारोवर जो कुणी नवी कादंबरी लिहायला घेईल, त्याने आधी ते वाचावं आणि मग गोष्ट बारादरीतून नव्हे, तिच्या घरातून सुरू करावी.