मानेखालच्या घड्या

* सर्वांगासनात खांद्यांखाली ब्लँकेटच्या घड्या घ्यायच्या, पण डोके जमिनीवरच ठेवायचे, ही लेखकाने सांगितलेली रीत बी. के. एस. अय्यंगार यांची. १९३७ मध्ये ते पुण्यात आले आणि १९७५ मध्ये त्यांनी शिवाजीनगर भागात रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्था सुरू केली. खांदे उंचावले की मान कमी दुमडते. त्याचे महत्त्व कळण्यासाठी मानेचा वरचा भाग पाहायला हवा. पहिला मणका (ॲटलास) म्हणजे कवटी पेलणारे कडे. दुसऱ्या मणक्याचा (ॲक्सिस) दातासारखा सुळका त्या कड्यात वर शिरलेला असतो. या दोन मणक्यांमध्ये चकती नसते. इथली स्थिरता मुख्यतः अस्थिबंधांवर टिकते. सर्वांत महत्त्वाचा आडवा अस्थिबंध: तो सुळक्याच्या मागून पट्ट्यासारखा जातो, आणि मान पुढे वाकली तरी ॲटलासला पुढे सरकू देत नाही. त्याच्या लगेच मागे मज्जारज्जू आहे, हे विसरू नये. सुळक्याच्या दोन्ही बाजूंनी कवटीच्या तळाकडे जाणारे पंखाकृती अस्थिबंध डोके वळण्याला मर्यादा घालतात. मान वळते त्यातला जवळजवळ निम्मा भाग याच सांध्यातला. संधिवाताभ आमवातात (रुमॅटॉइड) आडवा अस्थिबंध सैल पडू शकतो, डाउन सिंड्रोममध्येही तो मुळातच ढिला असू शकतो. अशांनी हे आसन आणि शीर्षासन डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये. मूळ मजकुरात ही सूचना नाही, म्हणून इथे मुद्दाम दिली आहे. — संपा.