तांबड्या पाण्याचा इतिहास

पुण्याच्या पाण्याचा इतिहास सांगणारे बहुधा धरणापासून प्रारंभ करतात. आम्हांस तो नळापासून सांगावासा वाटतो. धरणातले पाणी कितीही निर्मळ असो, माणूस पितो ते तोटीतले; आणि सकाळची पहिली घागर तांबडी भरली, तर धरणाचे कौतुक गृहिणीला काय होय?

अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजचे पाणी शहरातील हौदांत आणले. हा मार्ग चुन्यात बांधलेला, माणूस आत उतरून चालू शकेल एवढा, वर जागोजागी उच्छ्वास ठेवलेला. पाणी आपल्या उतारानेच येई. दगडाला गंज चढत नाही. गाळ साचे, तो आत उतरून काढता येई. 2019 साली स्वारगेटला मेट्रोसाठी खोदताना जमिनीखाली जुना पाण्याचा बोगदा लागला, तेव्हा तो पेशव्यांचा की इंग्रजांचा यावर बरीच चर्चा झाली. तो खोदणाऱ्या हातांविषयी मात्र कोणी विचारले नाही! अर्थात हौदांचे पाणीही सर्वांचे नव्हतेच. 1868 साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तो त्याचमुळे.

1879 साली खडकवासल्याचे धरण पुरे झाले. तेथून निघालेला उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून स्वारगेटकडे येतो. पुढे घरोघर पाणी द्यावयाचे तर दाब हवा, आणि दाब सोसावयास लोखंड हवे. लोखंड आले, त्याबरोबर गंजही आला.

पाणी आणि त्यात विरघळलेला प्राणवायू लोखंडाला भेटले की गंज धरतो. नळाच्या आत त्याच्या गाठी वाढतात, वाट अरुंद होते. आपल्याकडे पाणी ठराविक वेळीच सुटते. ते बंद झाले की नळ रिता होऊन ओल्या लोखंडाला हवा लागते. फुटक्या सांध्यातून बाहेरची घाणही आत ओढली जाते. पुन्हा पाणी सुटले की त्या धक्क्याने सुटा गंज निघतो व पुढे वाहत जातो. तो जास्त साचतो वाहिनीच्या बंद टोकाला, आणि तेथे पुष्कळदा आमच्या लोकांच्या चाळी व वस्त्या असतात. लोखंड पोटात गेल्याने लगेच कोणी मरत नाही, हे खरे. परंतु गंज क्लोरीन खाऊन टाकतो आणि जंतूंना आसरा देतो.

अमेरिकेतील फ्लिंट या मोटारकामगारांच्या गावाने 2014 साली पैसे वाचविण्यासाठी पाण्याचा उगम बदलला. नव्या पाण्यात गंज आवरणारे फॉस्फेट घातले नाही. तपकिरी पाणी आले. लोक बाटल्या भरून दाखवीत, अधिकारी पाणी चांगले आहे म्हणत. त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथील मोटारींच्या कारखान्याने इंजिनाचे भाग गंजतात म्हणून ते पाणी सोडून दिले. माणसांना मात्र ते ऑक्टोबर 2015 पर्यंत प्यावे लागले, आणि नळांतील शिसे मुलांच्या रक्तात उतरले.

उपाय अज्ञात नाहीत. चुना घालून पाण्याचा आंबटपणा मोडावा, नळास आतून सिमेंटचा लेप द्यावा, बंद टोके जोडावीत, तेथील झडपा उघडून नळ वेळच्यावेळी धुवावेत. पण टोक कोठे आहे हे कोणास ठाऊक? पुष्कळदा ते कचेरीच्या नकाशात नसते, जुन्या चावीवाल्याच्या डोक्यात असते. तो निवृत्त होतो, आणि त्याच्या जागी ठेकेदाराचा रोजंदारीवरचा पोरगा येतो.