एकदाच भरायची बाटली

नकली मालाचा धंदा करणाऱ्याला सगळ्यात अवघड जातं ते अस्सल दिसणारी बाटली बनवणं. ग्राहकाला आतला द्रव पाहून काही कळत नाही. तो काचेचा घाट ओळखतो, लेबल ओळखतो, त्यावरची छपाई ओळखतो. म्हणून मुरलेला भेसळखोर बाटली बनवायच्या फंदात पडतच नाही. तो रिकामी झालेली अस्सल बाटली विकत घेतो आणि भरतो. एखाद्या कंपनीने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेलं नाव त्या रिकाम्या काचेबरोबर त्याच्या हाती आयतं पडतं.

यावर उपाय म्हणून माणसाने एक टोपण शोधायला घेतलं. त्यातून द्रव बाहेर यावा, पण एकदा बाहेर आलेल्याच्या जागी दुसरा आत जाऊ नये. मागणी एका वाक्याची आहे. तिच्यामागे शंभराहून अधिक वर्षं कारागीर, इंजिनिअर आणि हौशी संशोधक झटत आले आहेत.

या टोपणाचा मूळपुरुष म्हणजे मातीची मोहोर. इजिप्तचा राजा तुतानखामुन याच्या सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या थडग्यात मद्याचे कुंभ सापडले. त्यांची तोंडं मातीने लिंपून त्यावर शिक्के उमटवले होते. कुंभांवर राज्यारोहणाचं वर्ष, मळा आणि मुख्य मद्यकाराचं नाव लिहिलेलं होतं. हा माल कुणाचा, कुठला, कधीचा, हे सांगण्याची व्यवस्था इतकी जुनी आहे. पण मोहोर कुणाला अडवत नाही. ती फक्त साक्ष देते की हा कुंभ अजून कुणी उघडलेला नाही. ती फुटली की साक्ष संपली, आणि कुंभ पुन्हा भरायला मोकळा. लाखेची मोहोर, बुचावर गुंडाळलेली तार, शिशाची टोपी ही सगळी याच घराण्यातली. अडवणारं टोपण हे घराणंच वेगळं, आणि ते फार उशिरा जन्माला आलं.

उशीर व्हायला कारण होतं. बाटली पुन्हा भरणं हा फार काळ गुन्हा नव्हताच, तो रिवाज होता. इंग्लंडमध्ये सतराव्या शतकापासून १८६० पर्यंत वाइन बाटलीत भरून विकायला कायद्यानेच मनाई होती, कारण फुंकून केलेल्या बाटल्यांची मापं सारखी नसत. श्रीमंत लोक काचेच्या गोल ठशात आपलं चिन्ह उमटवलेल्या बाटल्या करून घेत आणि त्या व्यापाऱ्याकडे पाठवून पिंपातून भरून आणत. बाटली ग्राहकाची आणि वाइन व्यापाऱ्याची, त्यामुळे बाटलीवरच्या चिन्हाने कुणाची फसवणूक होत नसे. पुढे बाटलीवर मालाच्या मालकाचं नाव आलं आणि गिऱ्हाईक त्या नावावर विसंबू लागलं, तेव्हा रिकाम्या बाटलीला चोरबाजारात किंमत आली.

अमेरिकेत हे झपाट्याने घडलं. व्हिस्की पिंपाने विकली जायची आणि वाटेत घाऊक व्यापारी, दुकानदार, गुत्तेवाला असे सगळे तिच्यात हात घालायचे. १८७० मध्ये लुईव्हिलच्या जॉर्ज गार्विन ब्राउन यांनी ‘ओल्ड फॉरेस्टर’ ही बर्बन केवळ सीलबंद बाटलीतून विकायला सुरुवात केली. १८९७ मध्ये सरकारनेच ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ कायदा केला: किमान ४ वर्षं सरकारी देखरेखीखाली मुरवलेली, ठरावीक तीव्रतेची व्हिस्की, आणि बाटलीच्या तोंडावर हिरवी सरकारी पट्टी. प्रामाणिक उत्पादकाला हे मोठं बळ होतं. पण पट्टी फाडून बूच काढल्यावर गुत्त्याच्या फळीवर उभी राहिलेली बाटली रात्री नरसाळं लावून भरली, तर गिऱ्हाइकाला ते कळायचा मार्ग नव्हता. औषधांचीही तीच गत होती. पिट्सबर्गच्या होस्टेटर कंपनीचं कडू औषध त्या काळी घरोघरी खपायचं. आपल्या रिकाम्या बाटल्यांत दुसऱ्याचा सुटा माल भरला जातो म्हणून ही कंपनी १८९० च्या दशकात दुकानदारांविरुद्ध कोर्टात लढत होती.

युरोपातही हीच चिंता होती. स्पेनच्या रिओहा भागातल्या, १८५८ मध्ये सुरू झालेल्या मार्केस दे रिस्काल या वाइनघराने आपल्या बाटल्यांवर तारेची बारीक जाळी चढवली. जाळी कापल्याशिवाय बूच निघत नसे आणि कापलेली जाळी पुन्हा सांधता येत नसे. आज तिचं मूळ काम उरलेलं नाही, पण बाटल्यांवर जाळी दिसते ती शोभा म्हणून.

जाळी काय, पट्टी काय, साक्ष देणारीच. अडवणाऱ्या टोपणाची धडपड खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सुरू झाली. पुन्हा न भरता येणाऱ्या बाटलीचं पेटंट आपल्या नावावर लागलं की आयुष्याची ददात मिटली, अशी संशोधकांची खात्री होती. शेकडो पेटंटं निघाली. कुणी बाटलीच्या मानेत काचेची गोळी घातली, कुणी तरंगणारं बूच, कुणी स्प्रिंगवरची झडप, कुणी वाकडीतिकडी वाट. टोपणांचं जगच तेव्हा घुसळून निघत होतं. बॉल्टिमोरच्या विल्यम पेंटर यांना १८९२ मध्ये क्राउन बुचाचं पेटंट मिळालं. सोडा-बिअरच्या बाटलीवरचं दातेरी पत्र्याचं झाकण ते हेच. ते एकदा वापरून फेकायचं. एकदा वापरून फेकून देण्यासारखी वस्तू शोध, असा सल्ला पेंटर यांनी आपल्या एका विक्रेत्याला दिला होता. तो विक्रेता म्हणजे किंग जिलेट, आणि त्यातून दाढीचं बदलतं पातं निघालं. पण क्राउन बुचाने भेसळखोर थांबला नाही. नवी झाकणं आणि ती दाबून बसवायचं छोटं यंत्र मिळवणं काही कठीण नव्हतं.

मग त्या शेकडो पेटंटांतली बहुतेक का फसली? अडचणीचं मूळ हवेत आहे. बाटलीतून जेवढा द्रव बाहेर पडतो, तेवढीच हवा आत जावी लागते. ती गेली नाही, तर आत पोकळी होते आणि धार थांबते. बाटली ओतताना जी बुडबुड ऐकू येते ती आत शिरणाऱ्या हवेची. म्हणजे टोपणाला आत जाणारी एक वाट ठेवावीच लागते, आणि हवा जाऊ शकते तिथून चिकाटीने द्रवही घालता येतो. हवेला वाट द्यायची आणि द्रवाला नाही, हा या सगळ्या शोधाचा गाभा आहे.

दुसरी अडचण काचेची होती. तेव्हाच्या बाटल्या तोंडाने फुंकलेल्या, त्यांच्या ओठांना हाताने आकार दिलेला. एका बाटलीच्या मानेत घट्ट बसणारी झडप दुसरीत सैल पडे, तिसरीत शिरतच नसे. टोलेडोच्या मायकेल ओवेन्स यांचं बाटल्या करणारं स्वयंचलित यंत्र १९०० च्या दशकात आलं, तेव्हा कुठे सारख्या मापाच्या माना मिळू लागल्या. पण झडपा तेव्हाही काच, धातू आणि बुचाच्याच होत्या. महाग पडत, काच टवकली तर तुकडे द्रवात येत, आणि चढवायला कामगाराचा वेळ जाई. दर बाटलीमागे एवढा खर्च बहुतेक कारखान्यांना परवडत नव्हता.

टोपण जमेना, म्हणून कायद्याने काचेवरच लिहायला लावलं. दारूबंदी उठल्यावर अमेरिकेत १९३५ पासून मद्याच्या प्रत्येक बाटलीवर ठसठशीत उठावाचा मजकूर आला: ही बाटली विकणं किंवा पुन्हा वापरणं केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. १९६४ पर्यंत हा मजकूर काचेत ओतला जात होता. जुन्या बाटल्या जमवणारे आजही त्यावरून बाटलीचा काळ ठरवतात.

पेच सुटला तो प्लास्टिकमुळे. साच्यातून हुबेहूब सारखे, काही पैशांत पडणारे, काचेवर खटकन अडकणारे भाग निघू लागले आणि पेटंटच्या कागदावरची झडप कारखान्यात आली. इटलीत अलेस्सांद्रिया इथे १९५४ मध्ये अँजेलो गुआला यांनी सुरू केलेली गुआला क्लोजर्स ही कंपनी या टोपणांत जगात आघाडीवर गेली. भारतात तिचे कारखाने आहेत, त्यातला एक गोव्यात.

हे टोपण आतून कसं असतं? बाटलीच्या मानेत एक प्लास्टिकची नळी ठोकून बसवलेली असते. तिच्या बाहेरचे दात काचेच्या ओठाखालच्या कडेला असे धरतात की ती ओढून काढायची तर तुटते किंवा ओरखडे तरी सोडते. नळीच्या तळाशी एक बैठक, बैठकीवर चकतीसारखी झडप, झडपेवर वजनदार गोळी आणि गोळीवर बाजूंना खिडक्या ठेवलेलं छप्पर. बाटली उभी असताना गोळीचं वजन झडपेला बैठकीवर दाबून धरतं. वरून काही ओतलं, तर त्या द्रवाचा भारही झडपेवरच येतो आणि दार आणखी घट्ट होतं. बाटली तिरकी केली की गोळी छपराकडे घरंगळते, झडप मोकळी होते, खिडक्यांतून द्रव बाहेर येतो आणि हवा आत जाते. आपल्या गोटी सोड्यातही गोटीच दार बंद करते, पण ती वायूच्या दाबाने वर येऊन रबराच्या कड्यावर बसते आणि कारखान्यात बाटली उलटी धरून सहज भरता येते. इथली गोळी नेमकी पुन्हा भरणं रोखायला बसवलेली असते.

आता भेसळखोराच्या बाजूने पाहा, कारण टोपण करणाऱ्यालाही तसंच पाहावं लागतं. बाटली आडवी धरली तर गोळी झडपेवरून सरकेल आणि दार अर्धं उघडं राहील. म्हणून बैठक अशी उतरती करतात की मान आडवीपेक्षा बरीच खाली गेल्याशिवाय झडप सुटत नाही, आणि इतकी कललेली बाटली भरायला जावं तर आतलाच द्रव बाहेर येतो. बारीक तार घालून झडप उचलता येईल, म्हणून गोळीवर छप्पर आणि वाटेला वळणं. पंपाने आतली हवा ओढून द्रव आत शोषवता येईल, म्हणून झडपेची चकती पातळ आणि चटकन बसणारी. गरम पाण्यात धरून प्लास्टिक मऊ करून नळीच काढता येईल, म्हणून तिच्यावर धातूचं आवरण. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या तरी भेसळखोराच्या युक्तीतून आलेलं आहे. एवढं करूनही काही जण काचेच्या तळाला बारीक भोक पाडतात, तिथून भरतात आणि भोक बुजवतात. टोपण कितीही चांगलं असलं तरी तळ त्याच्या हातात नसतो.

या कोड्याचं एक पूर्ण उत्तर मात्र औषधशास्त्राने केव्हाच दिलं होतं. फ्रेंच औषधविक्रेते स्तानिस्लास लिमुझँ यांनी १८८६ मध्ये इंजेक्शनच्या औषधासाठी काचेची अँप्यूल केली. तिला टोपणच नाही. मान वितळवून बंद करायची आणि उघडायची म्हणजे मोडायची. पण एकदा मोडली की सगळं औषध वापरावं लागतं. एका मात्रेसाठी ती अजोड, महिनाभर पुरवायच्या बाटलीसाठी निरुपयोगी. झडपेच्या टोपणाची गरज तिथेच उरते.

ही गरज मद्यापुरती राहिलेली नाही. स्पेनमध्ये १ जानेवारी २०१४ पासून हॉटेलांच्या टेबलांवर ऑलिव्ह तेल पुन्हा न भरता येणाऱ्या बाटलीतच ठेवावं लागतं. सगळ्या युरोपसाठी हा नियम करण्याचा प्रस्ताव मात्र मे २०१३ मध्ये युरोपीय आयोगाने जाहीर केल्यावर काही दिवसांतच टीकेमुळे मागे घेतला. आपल्याकडे एकदा वापरलेला पत्र्याचा डबा खाद्यतेलासाठी पुन्हा वापरायचा नाही असा नियम आहे. पाण्याच्या बाटलीच्या टोपणाखाली तुटणारं कडं असतं आणि लेबलवर वापरून झाल्यावर बाटली चुरगळण्याची विनंती.

पण खरी धास्ती औषधांची आहे. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत माणसं रेमडेसिव्हिरसाठी रात्र रात्र रांगा लावत होती, तेव्हा बारामतीत पोलिसांनी एक टोळी पकडली. तिने रेमडेसिव्हिरच्या रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉल भरून त्या विकल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये दिल्लीत कर्करोगावरच्या महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या भरून विकणारं जाळं उघडं पडलं. त्यात बुरशीवरचं स्वस्त औषध भरलं जात होतं. अशा कुपीवर रबरी बूच, त्यावर ॲल्युमिनियमचं कडं आणि वर प्लास्टिकची उडणारी टिकली असते. टिकली एकदा निघाली की परत बसत नाही. ती साक्ष चोख देते. पण घाबरलेला नातेवाईक टिकली पाहत नाही, नाव पाहतो.

एवढ्या वर्षांच्या धडपडीतून निघालेला निष्कर्ष सरळ आहे. हवी तेव्हा ओतता येईल, पण पुन्हा भरताच येणार नाही अशी बाटली कुणी बनवलेली नाही. चांगलं टोपण एवढंच करतं की भरायचा खटाटोप नफ्यापेक्षा महाग पडावा. ही कामगिरी लहान नाही. तिने अनेक जीव वाचवले असतील. पण टोपणाचा अंमल अस्सल बाटली रिकामी होईपर्यंतच. त्यानंतर ती बाटली कुणाच्या हाती जाते हे कुठलाही इंजिनिअर ठरवू शकत नाही, ते आपण ठरवतो. दुधाच्या, सोड्याच्या, बिअरच्या बाटल्या कंपनी परत घेते, धुते, तपासते आणि भरते. तो व्यवहार चांगला आहे, तो चालू राहावा. बाकीच्या बाटल्या भंगारात देण्याआधी लेबल फाडा, टोपण कापा, प्लास्टिक चुरगळा. रुग्णालयांनी महागड्या औषधांच्या रिकाम्या कुप्या मोजून ताब्यात घ्याव्यात आणि मोजूनच नष्ट कराव्यात. इंजेक्शन देण्याआधी टिकली जागेवर आहे का हे पाहायला मागणं हा रुग्णाच्या माणसांचा हक्क आहे. तो संकोच न करता बजावा.